तेल कुठून येतं

मिसेस ॲल्डरसननी किल्ली देतानाच सांगितलं होतं,
"थोडं गळतं. विल्फ म्हणायचा, गळतंय म्हणजे आत तेल आहे."
नऊशे पौंड. चार जाड चाकं, उसवलेली सीट,
हँडलला निळ्या सुतळीनं बांधलेला, खडे भरलेला पत्र्याचा डबा,
मेंढ्या हाकायला.
स्वेलडेलच्या त्या चढावर
माझ्या पस्तीस मेंढ्यांची पेंड वाहायला
एवढी गाडी पुरे होती.

सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर डाग.
पहिल्या दिवशी दहा पेन्सच्या नाण्याएवढा,
आठवड्यानं भाकरीएवढा,
मग मी मापं घेणं सोडलं.

ड्रेन प्लगचा वॉशर बदलला.
फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग बदलली.
व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट लीड्सहून मागवलं,
जुनं खरवडताना नखांत तीन रंगांचं सिलिकॉन आलं,
लाल, त्याखाली निळं, त्याखाली काळं.
म्हणजे विल्फही इथवर आला होता. तीनदा.
असाच उताणा, अशाच गार फरशीवर,
बहुधा असंच काहीतरी पुटपुटत.

माझे वडील इचलकरंजीत मागांवर जॉबर.
कापडावर तेलाचा ठिपका पडला की मालक ओरडायचा खाली बघून,
वडील वर बघायचे.
"ओलं दिसतं ते सगळं चोर नसतं गं," म्हणायचे,
"सगळ्यात वरचं ओलं शोध.
तेल फिरून फिरून येतं, पण चढत नाही."

म्हणून एका रविवारी
सगळं इंजिन डिग्रीजरनं धुतलं, टूथब्रशनं घासलं,
हेअर ड्रायर लावून वाळवलं.
मुकुल खिडकीतून बघत होता, बोलला काही नाही.
मग कॅरमची पावडर,
जी सामानातून आली आणि बोर्ड मात्र तिकडेच राहिला,
ती फुंकून फुंकून बसवली सांध्यासांध्यांवर.
पांढरंफेक इंजिन,
लग्नाला निघालेल्या गवंड्यासारखं.

सुरू केलं. टॉर्च धरून पालथी पडले.
एका काळ्या रेघेची वाट बघत होते,
फुटल्या चार.
चार दिशांना, एकदम,
परवाच्या कोऱ्या गॅस्केटमधूनसुद्धा.

चार सील एकाच सकाळी मरत नाहीत.
वर बघ.
वर, टाकीच्या पोटाशी, बोटाएवढी रबरी नळी,
क्रँककेसमधून निघून वळसा घेऊन
मडगार्डच्या आड उतरलेली.
इंजिनानं श्वास सोडायची वाट.
टोकाशी तळहात धरला. वारा नाही.
चिखल पुसला, तर आत लाकूड.

हेझलची काडी, चाकूनं गोल तासलेली,
एका बाजूला साल तशीच,
आणि वरून क्लिप, घट्ट, नीटनेटकी.
घाईतल्या माणसाचं काम नव्हतं ते.

पकडीनं ओढली.
फस्स. जुना, तेलकट, कोमट वारा
माझ्या चष्म्यावर.

दोन रात्री पुठ्ठा कोरडा राहिला तेव्हा
ती काडी घेऊन मिसेस ॲल्डरसनकडे गेले.
त्यांनी तळहातावर फिरवली,
अंगठ्यानं साल चाचपली.
"नळीतून थेंब पडायचा फरशीवर," म्हणाल्या. "एकच.
मीच मागे लागले होते, तेवढा बंद कर म्हणून.
आणि त्यानं केला हं. बोलला नाही, केला."
मी इंजिनाच्या दाबाबद्दल सांगायला तोंड उघडलं
आणि बिस्किट घातलं तोंडात.
काडी त्यांनी चष्म्याच्या डब्यात ठेवली,
चष्मा बाहेर राहिला.

हल्ली माझ्या अंगणात
रोज सकाळी एक थेंब असतो, नळीच्या बरोबर खाली.
पुठ्ठा मी काढून टाकलाय.