चोविसावा जोड

शहराचं नाव वूज, म्हणजे होडी.
नदी मात्र आम्हाला कधी दिसली नाही;
पाणी होतं ते आमच्या न्हाणीघरात,
टबात रचलेल्या बुटांवरून वितळणाऱ्या बर्फाचं.

बूट मोजणं माझं काम.
मी नऊ वर्षांची.
त्या हिवाळ्यात दहा वाजता रस्ते बंद व्हायचे,
म्हणून शनिवारी पाचलाच
माझा पलंग भिंतीला उभा टेकवायचे
आणि तो जिथे असायचा तिथे
हाल्श्कामावशी राणी व्हायची,
अंगावर खिडकीचा पडदा, डोक्यावर केकचा साचा.
थिएटरातून तिला काढलं होतं. का, ते मोठ्यांना माहीत.
दिवसा ती डेअरीत बाटल्या धुवायची.
राणीची बोटं भेगाळलेली आहेत
हे पहिल्या रांगेला दिसायचं.
पहिली रांग म्हणजे बटाट्यांचं पोतं.

स्वयंपाकघरात लुद्विकची चित्रं,
कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावलेली.
कोबीच्या वाफेनं निळ्या चित्राला पोक आलं.
तो म्हणाला, राहू दे, आत्ता कुठे पुरं झालं.

टाळ्या नाहीत. जमीन पातळ, आणि खाली कोनराद.
टाळ्यांऐवजी लोक तळवे मांड्यांवर घासायचे,
खस खस,
जणू सगळ्यांना एकदमच थंडी वाजली.

तेवीस जोड. दर वेळी तेवीस.
फेब्रुवारीत एकदा चोवीस भरले.
पुन्हा मोजले.
काळा, तळव्याला सायकलच्या टायरचं ठिगळ:
जिन्यातला तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

आईच्या कानात सांगितलं.
तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
फक्त तिचा हात चहाच्या पेल्यासकट मधेच थांबला.
कोनराद दाराशी उभे होते, मोज्यांत.
डाव्या अंगठ्यापाशी भोक.

राणीनं वाक्य अर्ध्यावर सोडलं.
कोणी खोकलं नाही.
मग तिनं तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं,
या वेळी त्यांच्याकडे बघत:
दाराशी कोण आहे? आत ये,
नाहीतर सांग, तुला कोणी पाठवलं?

ते उत्तर देतील असं क्षणभर वाटलं.
शेवटी त्यांनीही पँटीवर तळवे घासले,
सगळ्यांच्या नंतर, आणि सगळ्यांहून जास्त वेळ.

पुढचे दोन शनिवार पलंग आपल्या पायांवर राहिला.
आई बेलकडे बघत बसायची. बेल वाजली नाही.
मग एका सकाळी उंबऱ्याबाहेर खुर्ची.
एक पाय तारेनं बांधलेला. चिठ्ठी नाही.
हात लावू नकोस, आई म्हणाली,
आणि दोन दिवस आम्ही तिला वळसा घालून जिना उतरलो.

तिसऱ्या दिवशी आईनं तिला कुशीवर पाडलं,
बैठकीखाली, शिवणीत, तारेच्या वेढ्यांत
बोटं घालून चाचपलं,
उचलून आत आणली,
आणि माझ्या पलंगाला हात घातला.

शनिवारी मी टबाशी बसले.
नळाच्या बाजूला एका जोडापुरती जागा
मुद्दाम मोकळी ठेवली होती.
खाली दार उघडल्याचा आवाज आला.
मग कितीतरी वेळ
काहीच नाही.