दोनशे छप्पन्न

निवृत्त होताना पै बीरांनी माझ्या हवाली केलं
एक स्टेपलर आणि एक हेडर फाइल.
फाइलीत एकतीस आकडे, दगडात कोरल्यासारखे.
एकाशेजारी टीप: हा हलवू नये. र. पै बीर.
का, ते लिहिलेलं नाही.

मी तेव्हा नवा होतो, म्हणजे शहाणा.
कंपाइल करतानाच सगळं ठरवून टाकणं
म्हणजे भाजीत मीठ घालून मोकळं होणं,
जेवणाऱ्याला विचारायचंच नाही.
मी म्हटलं, आपण मीठ पानात वाढू,
डाव्या अंगाला, लिंबाशेजारी,
ज्याला हवं त्यानं हवं तेवढं घ्यावं, चालू असताना,
ड्रायव्हर न उतरवता,
मुरगाव बंदरातल्या एकाही क्रेनचा डोळा न मिटता.

वेर्ण्याच्या ऑफिसात एसीचं पाणी बादलीत पडतं.
त्या ठिबकण्यावर मी पावणेदोन महिने आकडे सुटे करत बसलो.
रांगा किती, पॅकेट केवढं,
किती वेळ थांबून प्रोसेसरला हाक मारायची.
एकेक आकडा सुटला की त्याच्या जागी प्रश्न उगवायचा
आणि ड्रायव्हर तो दर पॅकेटला विचारायचा:
आहे का? नाही ना? बरं.
सेकंदाला आठ लाख वेळा
आहे का, नाही ना, बरं.
पूर्वी कंपाइलर एकदाच विचारी
आणि नको ती वाट नकाशातूनच खोडून टाकी.
जे नाहीच, ते बिघडत नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलंही असेल. मी हेडफोन घातले होते.

टिपेचा आकडा होता दोनशे छप्पन्न:
आलेली पॅकेटं टेकतात
त्या गोल पंगतीतली पानं.
तोही सोडवला. टीप पुसली.

नोव्हेंबरात एका गुरुवारी, रात्री सव्वादोनला,
ब्लांश फुर्तादो, बंदराची रात्रपाळी:
"कॅमेरे अडखळत होते. तुमच्या सेटिंगात
वाढवायची सोय दिसली, पाचशे बारा केलं.
आता सगळंच काळं."
तिचं काय चुकलं?
दार मी ठेवलं होतं, वर पाटी, ढकला.

आगशीहून निघालो. झुवारीच्या पुलावर
स्कूटरला वारा एका बाजूला रेटत होता.
बंदरात कार्डाचा दिवा हिरवागार,
आणि आत कोणी जेवत नव्हतं.
म्हार्दोळला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.
"त्या जुन्या चिपला आठच बोटं रे," पै बीर म्हणाले.
"दोनशे पंचावन्नपर्यंत मोजते, मग परत शून्य.
तू पाचशे पानं मांडलीस,
ती अर्ध्यातच गोल फिरते वाढत,
आणि तुझा ड्रायव्हर पुढच्या पानाशी
हात धुऊन बसलाय."

"मग टिपेत का नाही लिहिलंत?"
लाइनवर थोडा वेळ नुसतं म्हार्दोळ, रातकिडे.
"लिहायला हवं होतं," ते म्हणाले.
"तेव्हा वाटलं, तू विचारशील."

पहाटे परतताना आगशीच्या मानशीपाशी थांबलो.
भरती चढत होती, आणि कुणी हात न लावता
मानशीची दारं पाण्याच्याच जोरानं मिटत होती.
कायतान जाळं गुंडाळत होता.
विचारलं, चौकट एवढीच रुंद का?
तो म्हणाला, "पोरनी ती. तशीच आसा."
मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही.
एरवी वाटलं असतं.

त्याच दिवशी एक आकडा परत कोरला, कंपाइल केलं.
उरलेले तीस सुटेच आहेत,
त्यातल्या दोघांचा मला भरवसा नाही.
शेजारी टीप लिहिली, चार ओळी,
आठ बोटांसकट.
खाली माझा फोन नंबर
आणि: रात्री सुद्धा विचारा.