अंगठ्याएवढी जागा

लातूरच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
सत्तावीस इंची पडद्यासमोर बसून
मी डाळमिलवाल्यांना पत्रं लिहितो.
चाळण्या, एमरीचे रोल, पट्टे, बेअरिंग.
पत्र म्हणजे ईमेल. ईमेल म्हणजे
भुतडाशेठच्या भाषेत “आपलं शोरूम”.

म्हणून वर सोनेरी लोगो, खाली तीन रकाने:
डावीकडं यंत्राचा फोटो, मध्ये गुण,
उजवीकडं भाव.
“आदरणीय ग्राहक महोदय,
आपल्या प्रदीर्घ स्नेहाबद्दल आम्ही आपले”
इथवर येईस्तोवर फोनवरची जागा संपते,
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अहमदपूरहून मुबीन पठाणांचा फोन आला.
“भाई, मेल तो आया, दाम किधर कू गया?”
मी म्हटलं, उजवीकडं आहे की.
“उजवीकडं माझ्या मिलचा दरवाजा हाय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चाकूरमार्गे एसटीनं गेलो.
तुरीचा हंगाम. मिल चालू.
हवेत इतकी भुकटी
की ट्यूबलाइटलाही हळद लागलेली.
मुबीनभाईंनी खिशातून फोन काढला:
पातळ प्लास्टिकची पिशवी, वर रबर.
पिशवी काढलीच नाही.
पिशवीवरूनच अंगठा फिरवला,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दाबून.
डावा हात हॉपरच्या दांड्यावर तसाच.

रेंजची एकच कांडी. लोगो उमटला नाही.
त्याच्या जागी पांढरा चौकोन,
चौकोनाखाली आमचा प्रदीर्घ स्नेह
मुंगीच्या अक्षरात.
“ऑर्डर द्या” वर अंगठा टेकवला
तर शेजारचं “यादीतून नाव काढा” दाबलं गेलं.
ते हसले.
मला हसू आलं नाही.
आठ महिने मी वहीत लिहीत होतो,
ग्राहक कंटाळले, ग्राहक दुसरीकडं गेले.

टेबलावर शिक्क्याची शाई होती.
म्हटलं, माझ्या डायरीत अंगठा देता का जरा?
त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
मशीनच्या आवाजातही ऐकू आलं ते पाहणं.
“सही येते मला.”
नाही हो, बटन केवढं करायचं
ते मोजायचंय मला, म्हटलं.
मग दिला. हळू, नीट, नुक्ता ठेवावा तसा.

परत येऊन मजकूर चाळणीवर घातला.
आदरणीय खाली पडलं. प्रदीर्घ खाली पडलं.
“सदरहू” तर पार चुनीत गेलं.
तीन रकान्यांचा एक झाला,
भाव सगळ्यात वर,
आणि बटन मुबीनभाईंच्या अंगठ्याहून
एक दाणा मोठं.

शेठ म्हणाले, “लोगो कुठंय?
लग्नपत्रिकेवर गणपती नाही असं वाटूलालंय.”
मी तळाशी ठेवला, सुपारीएवढा.
सुपारीचाही गणपती होतोच की.
ते काही बोलले नाहीत, पण दिवसभर
आपला फोन लांब धरून, जवळ धरून
ती सुपारी बघत राहिले.

मुबीनभाईंकडून येताना एक पिशवी मागून आणलीय.
आता प्रत्येक मेल आधी तिच्यातून वाचतो,
गच्चीवर, टळटळीत दुपारी,
दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली बादली.
खालच्या वर्कशॉपातली पोरं म्हणतात,
साहेबाला काय झालंय काय की.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला उत्तर आलं:
“आठ नंबर, दोन पाठवा ळ”

तो ळ बहुधा पिशवीतून चुकून लागलेला.
मी खोडला नाही.
ऑर्डरच्या वहीत
तसाच उतरवून घेतला.