एकेचाळिसावी ओळ

ग्रिम्झबीच्या गोदीमागे, मासे धुरावायच्या
एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वर
भाड्याच्या खोलीत बसून
लंडनच्या एका एजंटबाईंना पत्र लिहिते आहे.
चौथा खर्डा.

पहिल्या खर्ड्यात पैशाचा विषय शेवटी होता,
दुसऱ्यात कंसात,
तिसऱ्यात ‘बोलून ठरवू’ असा,
म्हणजे नव्हताच.
आता सरळ पहिल्या ओळीत:
दिवसाला एकशे वीस पौंड. सहा दिवस.
रेल्वेचं तिकीट, राहायला मिसेस प्लॅस्किटांकडची मागची खोली,
जेवण माझ्या हातचं.
लिहून झाल्यावर हात धुतले, उगाचच.

आमच्याकडे प्रत्येक बैठकीला एक मामा असायचा.
मुलगी गप्प, आई गप्प, बाप घसा खाकरतो आहे,
आणि अडकित्त्यात सुपारी धरून मामा म्हणायचा,
याद्या करण्याआधी एक विचारतो.
त्या एकावर सगळं अडायचं.

फेनेला हॅथर्ली तशीच निघाली.
नऊ दिवस काही नाही.
(एका वेळी एकच स्थळ, हा इथलाही नियम.
उत्तर येईपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही.)
दहाव्या दिवशी फोन, मी दुकानात, हातात कांदे.

तिथे हीटर आहे का?
आहे, म्हटलं. एक.
संडास?
शेजारच्या बोटवाल्याकडे, त्याने हो म्हटलंय.
रात्री शूटिंग संपलं की तिला कोण सोडणार?
मी.
तुमची गाडी?
मिसेस प्लॅस्किटांची.
मग थोडं थांबून,
एकोणिसाव्या पानावर ती शिडी चढते.
एक्काहत्तर वर्षांची बाई आहे. चढायलाच हवी का?

त्या शिडीसाठी मी हा सिनेमा लिहिला होता.
धुराने काळ्या झालेल्या तुळयांपर्यंत ती जाते,
आणि खाली बघत नाही.
एवढंच होतं माझ्याकडे, बाकी सगळं
तिथवर पोचायला लागणारी पानं.

नको, म्हटलं. काढते.

शुक्रवारी नकार आला. नीट शब्दांत,
तारखा जुळत नाहीत वगैरे.
खाली मात्र वेगळ्या टायपात:
तुम्ही शिडी काढलीत म्हणून एक नाव देते.
ऊना ब्रॅकनबरी. अकरा वर्षांत तिच्यासाठी
कुणी विचारलेलं नाही. माझ्या यादीतून
मी तिला का काढलं नाही, ते विचारू नका.
फोन थेट करा. जरा हळू बोला.

मी हळू बोलायची तयारी करून बसले.
पाणी प्यायले. ‘मिस ब्रॅकनबरी’ तीनदा म्हणून पाहिलं.
बारा रिंगा झाल्या, मग धापा टाकत कुणीतरी:
थांब गं, छपरावर होते.

मी म्हटलं, फेनेला हॅथर्लींनी नंबर दिला.
फेनेला? आहे अजून?
मला वाटलं गेली बिचारी, म्हणून फोन येत नाहीत.
आणि हसली, इतकं मोकळं
की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पैशाचं तिने ऐकून घेतलं, बोलली नाही.
संडासाचं विचारलं नाही. हीटरचं विचारलं नाही.
म्हणाली, नुसतं खुर्चीत बसून आठवणी सांगायच्या असतील
तर नको हं, तेवढं मी इथे फुकट करते.
काही चढायबिढायचं आहे का त्यात?

होतं, म्हटलं.

रात्री बजेटचा कागद काढला.
चाळीस ओळी, शेवटची बॅटऱ्यांची.
त्याखाली लिहिलं:
शिडी धरायला माणूस, एक दिवस, एकशे वीस.
पैसे कुठून, ते लिहिलं नाही.

आता फेनेलाला कळवायला हवं.
पहिला खर्डा झाला आहे.
त्यात ऊनाची तब्येत आहे, हवा आहे, आभार आहेत,
शिडीचा विषय शेवटी.