खिडकीपाशी

अँटवर्पला, स्टेशनाजवळच्या गल्लीत
गोडेलीव्ह आधी दुकानातले दिवे मालवते.
"यांच्याखाली काचही हसते,"
म्हणते, आणि खडा नेते खिडकीपाशी,
नोव्हेंबरच्या मळकट उजेडात.

योरिस ट्राम चालवतो.
त्याच्या हातातल्या सर्टिफिकेटला
घड्या पडल्यात वाचून वाचून:
रंग चांगला, डाग नाही,
वजन पूर्ण एक कॅरट.

ती भिंगातून खड्याच्या कमरेवरचा
केसाहून बारीक आकडा जुळवते.
जुळतो. कागद खोटा नाही.
"पण पोट बघ याचं.
काटा एकवर टेकावा म्हणून
पैलू पाडणाऱ्यानं खाली राखलंय वजन,
आणि वरून आलेला उजेड
तिथूनच गळून जातोय.
हा बघ मधोमध काळोख,
खिळ्याच्या डोक्यासारखा."

मग पुडी सोडून दुसरा काढते.
ब्याण्णव सेंट.
चिमट्यात तो लकाकला, थरथरलाही,
का योरिसचा हातच.

"लीनला काय सांगू?
एक म्हणालो होतो."

गोडेलीव्ह भिंग पुसत राहते.
बाहेर त्याची नेहमीची ट्राम
दुसरंच कुणी चालवत
वळणावर, तारेला एक ठिणगी लावून
निघून गेली.