खिशातला तरवड

दिवसाला ऐंशी खिसे.
सगळे नेव्ही ब्लू, सगळे हाफपँटच्या उजव्या बाजूचे,
आणि दोराही तोच, रीळ संपलं तरी तोच.

संध्याकाळी उंबऱ्याशी भूमय्या चपला काढतो
तेव्हा मी आधी त्याचे हात बघते.
आज कोपरापर्यंत डाळिंबी,
डाईंगमध्ये लग्नाच्या चादरींचं सूत आलंय.
गेला आठवडाभर हिरवा होता,
भाकरी मोडायला लागला की वाटायचं
घरात पोपट जेवायला बसलाय.
साबणानं जात नाही तो रंग.
जाऊ नये, असंही मला वाटतं.
माझ्या बोटांवर मात्र सुईची भोकं तेवढी.

तरी श्रीमंती म्हणाल तर कमी नाही.
सकाळी कडक भाकरी,
तिच्यावर शेंगाचटणी,
उखळात कुटलेली, तेल सुटून तांबूस झालेली,
मधोमध खड्डा करून दही.
भाकरी मोडल्याचा आवाज तिसऱ्या घरी जातो
आणि तिथून पुष्पलता भिंतीवर थाप मारते,
"एकटीच खाती का गं?"

वेळ अमावास्येला तिच्या माहेरच्या शेतावर गेलो,
टेम्पोत चौदा जणी, पंधरावं आंबिलीचं मडकं.
कडब्याच्या कोपीपुढे पंगत बसली.
भज्जीतल्या सोळा भाज्या मी मोजल्या.
सतरावी बोरं की हरभऱ्याचा पाला
यावर साखर पेठेपर्यंत भांडण,
आणि उतरताना भाडं द्यायचं विसरलो.

पण मी सांगत होते ते अश्विनातलं.
बतुकम्माचं ताट रचताना अम्मा तेलुगूत बजावायची,
पांढऱ्यावर पिवळं ठेव, पिवळ्यावर जांभळं,
शेजारी कुणी असल्याशिवाय रंग बोलत नाही.
तिचा तंगेडु म्हणजे तुमचा तरवड,
विजापूर रोडच्या माळावर फुकट उभा,
बकरीसुद्धा तोंड लावत नाही त्याला.
त्याच पिवळ्याची साडी घेतली मी त्या वर्षी.
ब्लाउज शिवला, गोंडे लावले,
आणि वीतभर कापड उरलं.
टाकवेना.

सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी,
मुकादमाची पाठ वळली
तशी एका खिशाला आतून तेच पिवळं जोडलं.
वरून बघा, नेव्ही ब्लू. हजेरीला उभं राहिल्यासारखं.
पुढच्या सोमवारी आणखी एक.
कापड पुरलं अकरा खिशांना.
तपासणीत कुणी आत हात घातला नाही.
आमचा माल लांब लांब जातो म्हणतात,
समुद्रापलीकडेसुद्धा.
रात्री पडल्या पडल्या मी मोजायची,
कुठे कुठे गेले असतील माझे अकरा.
भूमय्याला बोलले नाही.
त्याचं सगळं हातावर दिसतं,
माझं एक तरी झाकलेलं असू दे.

वर्ष उलटलं. गड्डा भरला.
बाराबंदीतली पांढरी माणसं
नंदीध्वज तोलत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी
आम्ही होम मैदानावर,
पाळण्यांचे दिवे, भज्यांचा धूर, बांगड्यांचे ढीग,
मी त्याच साडीत, वरून स्वेटर नको म्हणून कुडकुडत.
रेवड्यांच्या गाड्यापुढे एक पोरगा,
शाळा सुटून थेट आलेला,
पाठीला दप्तर, नाकाला सर्दी.
रुपया कमी पडत होता त्याला.
हा खिसा चाचपला, तो चाचपला,
मग उजवा धरून उलटा बाहेर ओढला

आणि तरवड फुलला.

पोराला त्याचं काही नवल नव्हतं,
तो रोज बघत असणार.
खिशातला भुगा झटकला,
पेन्सिलीचा तुकडा निघाला, रुपया नाही.

भूमय्या मात्र थबकला.
एकवीस वर्षं रंगात हात बुडवलेला माणूस.
खिशाकडे पाहिलं, माझ्या पदराकडे पाहिलं,
पुन्हा खिशाकडे.
"हा पिवळा," म्हणाला, "आमच्या डाईंगमधला नाही."

मी म्हटलं, पावशेर रेवड्या घे,
आणि त्या पोराचा रुपया दे आधी.