पाण्यात टाकून पाहणं

ग्वावच्या गोदामात युलाली जायफळं पारखते.
लाकडी पिंपात पाणी, पाण्यात मूठ रिकामी करायची.
भरलेलं बी तळाला जातं,
पोकळ, किडकं वर येतं.
एवढंच शास्त्र. त्याला शाळा लागत नाही, म्हणते ती,
मनगटाला गारठा सोसायला हवा.

ग्रेनाडा नकाशावर शोधायचं तर भिंग घ्या.
आणि तरी त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात
इतकी जहाजं आली
की कोळ्यांना क्षितिज दिसेना.

आमचं आमच्यातच आधी बिनसलं होतं,
हे ती लपवत नाही.
किल्ल्यावर आमच्याच शिपायांनी
आमचीच माणसं भिंतीशी उभी केली,
मग संचारबंदी, दिसेल त्याला गोळी.
घरातलं पाणी संपलं, मीठ संपलं.
"सैतान जरी छत्रीला लटकून उतरला असता
तरी मी त्याला कोको पाजला असता."

उतरला तो सैतान नव्हता.
एकोणीस वर्षांचा पोरगा, उन्हाने नाक सोललेलं,
हातात नकाशा, तोही पर्यटकांचा:
किनारे निळे, हॉटेलांपुढे रंगीत छत्र्या काढलेल्या.
त्याने विचारलं, बाई, हे नेमकं कुठलं गाव?
तिने सांगितलं.
कोकोही दिला.

कारणं मागाहून आली, रेडिओवरून,
इस्त्रीचे कपडे घालून.
युलालीने एकेक पिंपात सोडलं.

तिकडची पोरं इथे डॉक्टरकी शिकतात,
त्यांच्या जिवाला धोका.
हे बुडता बुडता मध्येच अडकलं.
भीती खोटी नव्हती,
कुणीतरी ती कामाला लावली होती.

शेजारच्या बेटांनी हाक मारली.
मारली असेल.
पण हाकेच्या आधीच जहाजांची तोंडं इकडे वळलेली,
असं कोळी सांगतात, आणि कोळी मासा सोडून
बाकी कशाचं माप फुगवत नाहीत.

धावपट्टी फार लांब बांधताहेत,
तिच्यावर शत्रूची लढाऊ विमानं उतरतील.
पुढे तीच धावपट्टी पुरी करायला
त्यांनीच पैसे मोजले.
आता तिच्यावर गवती टोप्या उतरतात.

एक कारण रेडिओवर आलंच नाही.
दोनच दिवस आधी, समुद्रापलीकडे, बैरूतमध्ये
त्यांची दोनशेवर माणसं झोपेत गाडली गेली होती.
तिथे हात पोचेना.
मग वड्याचं तेल वांग्यावर,
आणि वांगं केवढं, तर आमच्याएवढं.
हे मात्र तिने पिंपात टाकलं नाही.
तेल तरंगणारच, म्हणाली, त्यात काय बघायचं?
शिवाय हे मला फार पटकन पटतं,
म्हणून त्याचा भरवसा नाही.

टेकडीवर वेड्यांचं इस्पितळ होतं.
तिचा धाकटा भाऊ सिप्रियन
तिथल्या खिडकीशी बसून बोटी मोजायचा.
त्या दिवशी मोजायला भरपूर होत्या.
वरून विमानाला वाटलं, लष्करी ठाणं आहे.
नंतर एक अधिकारी आला, टोपी काखेत,
म्हणाला, चुकून.

सांगताना युलाली इथे थांबते.
पाणी बदलायची वेळ झालेली असते.

मी विचारलं, तरंगलेली फेकून देता?
ती हसली.
फेकेल कोण? तेल काढतात त्यांचं,
औषधात जातं, अत्तरात जातं.
पोकळ बीलाही गिऱ्हाईक असतं, बाबा.

परवा तोच शिपाई आला होता,
पिकलेला, गुडघे गेलेले.
तेव्हा खिशात घालून नेलेलं एक जायफळ
त्याने रुमालातून काढलं. वास पार उडालेला.
टाकून बघता का, म्हणाला.
तिने टाकलं. वर आलं.
तो पिंपाकडे बघतच राहिला.

"जुनं झालं की सगळंच तरंगतं," ती म्हणाली,
"तेव्हा आत काय होतं, ते यावरून कळत नाही."

मग त्याला पायरीवर बसवलं,
ताज्यातलं एक निवडून दिलं,
आणि पुऱ्या दराने पैसे घेतले.